टाच कमी करायची नाही!

...आता मला सांगा, पाय कुणाचे? मीनाक्षीमावशीचे! सँडल चावतायत कुणाला? मावशीला! आणि हुकूम कुणाचा? तिच्या दुर्गाआत्याचा! "टाच कमी करायची नाही!" अहो तुम्हाला सांगतो, संयुक्त महाराष्ट्राचे दिवस, गिरगावात जो तो घोषणा देत सुटलेला, आणि आमच्या मावशीला घरात हूं की चूं करायची सोय नाही! का? तर परळचं स्थळ सांगून आलेलं. मुलगा रमाकांत, ताडमाड उंच. आणि मावशी... कशी सांगू... रेशनच्या रांगेत उभी राहिली तर मागच्याला वाटावं, पुढे कुणी नाहीच! म्हणून आत्यानं हे उंच टाचेचे सँडल आणले. इतके घट्ट, इतके घट्ट, की पायात घातले की मावशीच्या डोळ्यांत पाणी आणि आत्याच्या डोळ्यांत कौतुक!

मग ठाकुरद्वारच्या नाक्यावरचा कोंडीराम चांभार. त्यानं लाकडी साचा घालून ताणले. झाले ढिले! फटॅक फटॅक... चाळीतली मांजरं पळाली! आतून चामड्याची पट्टी बसवली. पुन्हा घट्ट! पट्टा पुढे सरकवला, तर पाऊल मागे लोंबतंय! कोंडीराम रडकुंडीला आला. "आत्याबाई, जरा टाच उतरवतो..."

"टाच कमी करायची नाही!"

बघण्याचा दिवस उजाडला, आणि मुंबईत हरताळ! ट्राम बंद, बस बंद. मुलाच्या आईचे गुडघे धरलेले, म्हणून जायचं आपणच. "चालत जाऊ," आत्या म्हणाली. म्हणायला काय जातंय? तिच्या पायात मऊ वहाणा! चिंचपोकळीला मावशी फुटपाथवर बसलीच. "आत्या, लग्न नको, पण हे काढ गं!" तेवढ्यात मागून मोर्चा आला, आणि मोर्चात कोण? कोंडीराम! खांद्याला हत्यारांची पिशवी.

"कोंडीरामदादा, काहीतरी करा हो!"

तर म्हणतो कसा, "आज हरताळ हाय, ताई. जोडायचं काम बंद. तोडायचं असंल तर बोला!"

"तोडा!"

आत्या किंचाळली, "टाच कमी करायची नाही!" आणि अख्खा मोर्चा गरजला, "झालाच पाहिजे!"

उडाल्या टाचा! सँडलची नाकं होडीसारखी वर. पण मावशी चालली मात्र ताठ मानेनं! आणि परळला दारात काय व्हावं? मुलाच्या आईचा आतून आवाज, "चपला बाहेरच काढा हं!"

अहो, हे आत्याच्या डोक्यातच आलं नव्हतं!

रमाकांत बाहेर आला, उंबऱ्यापाशी त्या होड्या बघून म्हणाला, "हे काय?" आत्या नुसती खाकरली. मावशीनं मात्र घडाघडा सांगून टाकलं, "उंच दिसावं म्हणून घातले होते. नाही जमलं. मी एवढीच आहे." तो हसला... असा हसला, की आईकडे न बघताच म्हणाला, "मला पसंत आहे. आता यांना विचारा."

गेले हो ते दिवस! ट्राम गेली, दुर्गाआत्या गेली. मावशी आणि काका अजून परळलाच आहेत, म्हातारे झालेत. घरातल्या सगळ्या बरण्या वरच्या फळीवर. साखर हवी, काका उठतात. लोणचं हवं, काका उठतात! परवा न राहवून मी म्हटलं, "मावशी, एक स्टूल आणून देतो."

"स्टूल कशाला? एवढा उंच नवरा केलाय, वापरायला नको?"

काका? उठले बिचारे.