विहीर फेल नको व्हायला

भिलाईत विहिरीचं पाणी तपासायच्या रांगेत मी शाळेच्या प्रोजेक्टची बाटली घेऊन उभी होते. पुढच्या काका-काकूंचं बोलणं ऐकताना पाय दुखायचेच विसरले!

"अवो, हे पाणी एवढं कावून चमकून राहिलं?"

"आपली विहीरच तशी आहे, गुलाब."

"आपल्या विहिरीत शेवाळ आहे. खरं सांगा, कोणाचं आणलं?"

"तुझ्या भावाच्या फिल्टरचं."

"हाय राम! चीटिंग?"

"हळू बोल. पाण्यात जमिनीतलं आर्सेनिक निघालं, तं सून नातवाले आपल्या गावी, उतईले, आणणार नाही."

"अन् खोट्या रिपोर्टवर आणलं, तं लेकरू तेच पाणी पिईन ना?"

"मी जन्मभर हेच पेलो. मले काय झालं?"

"तेच तं दिसून राहिलं! ही घ्या बाटली, मी सकाळीच आपल्या विहिरीतून भरली. तुमाले ओळखत नाही काय मी?"

"अन् विहीर फेल झाली तं?"

"तं नळ घेऊ. नातू तं येईन!"

काकांनी काकूंची बाटली खिडकीत दिली. मग स्वतःची उघडून घटाघटा पिऊन टाकली.

"फिक्कं आहे. आपल्या विहिरीची मजा नाही."