तिसऱ्या माळेचं पान

बायांनो, बाप्यांनो, तहसीलची परवानगी काढलेली नाही, म्हणून हिला सभा म्हणू नका. मास्तर गेले, म्हणून आपण जमलो. मला बोलता येत नाही. पण आज गप्प बसलो, तर आयुष्यभर गप्प बसावं लागेल.

मास्तरांची वही तुम्हाला ठाऊक आहे. प्रत्येक तिथीला एक पान. त्या तिथीला ज्या ज्या साली जे घडलं, ते त्या पानावर. शाळा भरण्याआधी ते पारावर आजचं पान वाचायचे. आपण ऐकायचो.

नवरात्राच्या तिसऱ्या माळेचं पान आठवतं? त्याच तिथीला हैदराबादेत मुसी नदीचा महापूर. त्याच तिथीला, दुसऱ्या एका साली, प्लेगानं आपण गाव सोडून रानात झोपड्या घातल्या. त्याच दिवशी, झोपडीत, मास्तरांचा मुलगा वसू गेला. आणि पुढं शेवटची ओळ, माझ्या लेकीची: काशी जन्मली.

नवरात्रात लेक झाली की लोक आनंद करतात. आपण काय केलं? पान ऐकलं, मढी मोजली आणि म्हणालो, घातदिवसाची पोरगी. मीही म्हणालो. मी बाप.

काशीचं लग्न ठरेना. युसूफ वडगाव या गावचं स्थळ आलं, तेही अडलं. मी मास्तरांकडं गेलो.

"मास्तर, तेवढी ओळ चौथ्या माळेला लिवा. कुनाला कळतंय?"

"मला कळेल."

"पोरीचं भलं हुईल की!"

"आणि उद्या माझ्या वसूची ओळ खरी कोण मानील?"

मी ओरडलो, "तुमची वही माझ्या लेकीला खाती!" त्यांच्याशी बोलणं टाकलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शाळेला सुट्टी दिली. सुट्टी! मास्तरांनी! वही फडक्यात बांधली आणि वाटेत मुक्काम करत युसूफ वडगाव गाठलं. नवऱ्याकडच्या बैठकीत अख्खं पान वाचलं. एकही ओळ गाळली नाही.

नवऱ्या मुलाच्या आजीनं विचारलं, "मास्तर, पोटचं पोर गेलं त्या तिथीला दुसऱ्याची लेक लिवताना हात कावून थरथरला न्हाई?"

"थरथरला," मास्तर म्हणाले. "पण त्यात तिचा काय दोष?"

म्हातारी आपल्या मुलावर खेकसली, "बसलास काय रं? साखर आण. लई शहाणे झालाव समदे."

हे मला त्या आजीनंच सांगितलं. मास्तर कधी बोलले नाहीत.

लग्नात ते आले. अक्षता टाकल्या, जेवले, उन्हाआधी निघाले. मी बघत होतो. जावं, पाय धरावेत, असं वाटलं. पण मी बैलांना वैरण टाकत राहिलो. वैरण आधीच टाकलेली होती. त्यानंतर इतकी वर्षं रोज भेट झाली. रोज म्हटलं, उद्या बोलू.

काशी पुढं बसली आहे, तीन लेकरं घेऊन. तिला आज पहिल्यांदा सांगतो. बाई, तुझा दिवस बदला म्हणून मी गेलो होतो. त्यांनी तो राखला.

मास्तर, तुमचे उपकार झाले. फार झाले.

मंडळी, उभे राहा. थोडा वेळ कुणी काही बोलू नका.