दांड्यावरचा हात

मंडळी, ऐका! प्रश्न साधा आहे. मित्रासाठी माणूस काय देतो?

वेळ देतो. अंगावरचा सदरा देतो. रक्त देतो — दवाखान्यात आडवं पडून, वर चहा-बिस्किट घेऊन! हसताय काय? एखादा तर जीवही देतो. आणि जीव दिला की लोक रडतात, फोटोला हार घालतात, चौकाला त्याचं नाव देतात. पण नाव? आपलं चांगलं नाव कुणी देतं का हो? 'माझ्या नावावर लोकांना थुंकू दे, मित्रा, पण तू जग' — असं म्हणणारा कुणी बघितलाय?

ते मागचे टोपीवाले आबा मान हलवताहेत. होकार आहे का डुलकी, कळत नाही! मृदंगबुवा, एक थाप द्या. हां, जागे झाले! बोला — विठ्ठल, विठ्ठल!

आता गोष्ट.

एक होता यमाजी शेंडगे आणि एक गेनू काळोखे. दोघांचा धंदा विहिरी खोदायचा. आपल्याकडचा काळा पाषाण तुम्हाला माहीत आहे — सुरुंगाशिवाय हलत नाही. विहिरीवर यारी असते, यारी. लोखंडी सांगाडा, इंजिन, जाड वायररोप आणि रोपाला टांगलेली भलीमोठी बादली. खालचे गडी बादलीत दगड भरतात, वरचा माणूस यारीनं ती ओढून घेतो. त्या वरच्या माणसाच्या हातात असतो ब्रेकचा दांडा. दांडा सुटला की बादली सुटली! म्हणून यारीवाला कसा पाहिजे? माशी नाकावर बसली तरी हात न हलवणारा! यमाजी तसाच होता. बोलणं जवळजवळ नाहीच. गेनू म्हणायचा, "यम्या, तुझ्यापेक्षा यारीचं इंजिन बरं, सकाळी खोकतं तरी!" यमाजी हसायचा. तेही गालातल्या गालात.

यमाजीची बायको लवकर गेली. मागं एक पोर, इंदू. हा गडी दिवसभर दांडा धरायचा आणि सकाळी त्याच राठ हातांनी पोरीच्या वेण्या घालायचा. वेण्या अशा घट्ट, की पोरगी म्हणायची, "आप्पा, डोळे मिटत नाहीत!" बायांनो, हसा! तुमच्या नवऱ्याला एक वेणी घालायला सांगा उद्या!

गेनूची बायको सगुणा. त्यांना एकच लेक, हिरामण. ऐन विशीतला, बापाबरोबर विहिरीत उतरायचा. इंदूला सगुणाकाकूचं घर आणि आपलं घर वेगळं माहीतच नव्हतं.

आणि मग ती दुपार आली.

खालचा खडक ओला दिसायला लागला होता. विहिरीला पहिलं पाणी लागलं की काय करतात? नारळ फोडतात. गेनू म्हणाला, "यम्या, पाणी आता लागतंय बघ. मळ्यात जाऊन नारळ घेऊन ये, तवर दांडा मी धरतो." यमाजी गेला. गडी लांब झाडाखाली भाकरी खात होते. खाली एकटा हिरामण, वर एकटा गेनू, आणि दोघांच्या मधे दगडांनी भरलेली बादली.

खालून पोरगं ओरडलं, "आबा! पाणी! पाणी लागलं!"

मंडळी, तुम्ही काय केलं असतं? तुमच्या गावात टँकर येतो, तुम्हाला पाण्याची किंमत माहीत आहे. जमिनीच्या पोटातून पाणी आलं, साक्षात देव आला! गेनूनं डोळे मिटले आणि हात जोडले.

दोन्ही हात!

…

देवाला हात जोडले हो! हे पाप म्हणायचं? आणि पाप नाही म्हणायचं, तर मग खाली जे झालं त्याला काय म्हणायचं?

यमाजी नारळ घेऊन बांधावरून येत होता. त्यानं जोडलेले हात बघितले. तो धावला. नारळ कुठं पडला कुणास ठाऊक. धावत येऊन त्यानं दांडा दाबला — उपयोग काय? सगळं होऊन गेलं होतं. गेनू विहिरीच्या काठाकडं निघाला होता. उतरायला नव्हे. उडी टाकायला! यमाजीनं एका हातानं दांडा धरला, दुसऱ्या हातानं गेनूची बंडी धरली. तेवढ्यात गडी पळत आले, शेतमालक आला, पाठोपाठ गाव आलं.

गावानं काय बघितलं? दांड्यावर यमाजीचा हात!

संपलं. विचारायचं काय त्यात? यारीवाला कोण? यमाजी. दांडा कुणाच्या हातात? यमाजीच्या. कुणीतरी ओरडलं, "यमाजीच्या हातून सुटला!" आणि यमाजी गप्प राहिला. 'हो' म्हणाला नाही, 'नाही' म्हणाला नाही. त्याची ती सवयच होती!

सगुणा आली. लेकाला बघितलं आणि मग वळली यमाजीकडं. म्हणाली, "माझा लेक पाण्यापायी गेला, यमाजी! मरताना तुझ्या तोंडात पाणी घालायला माणूस मिळणार नाही!"

इंदू तिथं उभी होती. शाळेतनं परस्पर आलेली, दप्तर पाठीवर. काकूच्या पदराची माया तिला माहीत होती, हा आवाज माहीत नव्हता.

त्या दिवसापासून यमाजीनं यारी सोडली. कुणी कामाला लावलं तर करायचं, नाहीतर घरी. गावात त्याचं नाव पडलं 'दांडासोड्या'. नाव ठेवायला आपण फार हुशार! बारशाला एक तास लावतो, याला एक क्षणही नाही. इंदूनं ते ऐकत शिक्षण घेतलं, शहरात शिक्षिका झाली, भरपूर वाचलं. लहानपणी तिनं एकदा विचारलं होतं, "आप्पा, खरंच तुमच्या हातून सुटला?" यमाजी म्हणाला, "दांड्यावर माझा हात सगळ्यांनी बघितला की बाई."

बघा! खोटं बोलला का? एक अक्षर नाही!

आणि मोठी झाल्यावर ही लेक काय म्हणाली, ऐका. नोकरीचा पहिला पगार झाला, त्याला सदरा आणला आणि जवळ बसून म्हणाली, "आप्पा, चूक माणसाच्या हातून होते. मी तुम्हाला माफ केलंय." केवढं मोठं मन! यमाजीनं सदऱ्याची घडी हातानं सारखी केली. म्हणाला, "बरं केलंस, बाई."

हे 'बरं केलंस' ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

मागच्या वैशाखात यमाजी सकाळी उठलाच नाही. शेजाऱ्याचा फोन आला, इंदू धावत आली. अंगणात बाप निजलेला, अंगावर तोच सदरा. रीत तुम्हाला माहीत आहे — उचलण्याआधी येणारा जाणारा मुखात पाणी घालतो. तुळशीपत्र टाकून तांब्या उशाशी ठेवला होता. इंदूनं घातलं. आणि मग?

मग कुणी पुढं येईना! गाव आलं होतं, नाही असं नाही. पण कुंपणाच्या पलीकडं. सगुणाबाईचा शाप मोडायचा कुणी? एक म्हातारी पुटपुटली, "तिचे शब्द खरे झाले गं बाई." इंदूनं ऐकलं. तिला बाकी काही नको होतं, मंडळी. एक माणूस हवा होता. परका, घरचा नसलेला, एक माणूस! म्हणजे आप्पा शाप घेऊन जाणार नाहीत.

तेवढ्यात काठी टेकत गेनू आला. आणि त्याच्यामागं सगुणा. त्याला अडवायला. "त्या दारात जाऊ नका म्हणते ना!"

गेनू थांबला नाही. यमाजीच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "सगुणे, दांडा माझ्या हातात होता."

गेनूनं काठी बाजूला ठेवली.

"पाणी लागलं म्हणून मी हात जोडले. यम्या नारळ आणायला गेला होता. मी उडी टाकायला निघालो, यानं धरलं. कानात म्हणाला, 'लेक गेला, आता तूही गेलास तर ती कुणाकडं बघून जगेल? तुझ्याकडं बघून तिला जगू दे. शिव्या माझ्याकडं बघून घालू दे.' मी भ्यालो, सगुणे. मी गप्प बसलो. आता हा गेला. आता मला गप्प बसवत नाही."

इंदू कुठं बघत होती? बापाच्या सदऱ्याकडं. माफ केलं होतं तिनं! ज्यानं काही केलंच नव्हतं, त्याला माफ केलं होतं — आणि तो म्हणाला होता, 'बरं केलंस, बाई.' माफीसुद्धा त्यानं घडी करून ठेवून घेतली! मित्राच्या वाटची! इंदूला रडू येईना. ज्या बापाच्या हाताखाली वाढले, तो कोण होता हो? हा समोर निजलेला माणूस कोण आहे?

सगुणा ओरडली नाही. छाती बडवली नाही. वळली आणि चालायला लागली. लोक म्हणाले, गेली. मग कुजबूज, मग घाई — ऊन वाढतंय, उचला आता! चौघं पुढं झाले. इंदू म्हणाली, "थांबा." का थांबा, तिलाही माहीत नव्हतं. पण थांबले.

सगुणा आली. डोक्यावर कळशी. ओली, ठिबकणारी. कुठलं पाणी, माहिती आहे? त्याच विहिरीचं! सगळं गाव ते पाणी पितं. त्या विहिरीकडं या बाईनं लेक गेल्यापासून तोंड केलं नव्हतं, तिच्या पाण्यानं पायसुद्धा धुतले नव्हते!

ती खाली बसली. ओंजळ भरली. म्हणाली, "भाऊजी, पाणी घ्या."

थेंब थेंब सोडलं. मग इंदूच्या डोक्यावरनं तोच ओला हात फिरवला. उठली, कळशी उचलली आणि गेनूपुढं धरली.

"धरा," म्हणाली. "दोन्ही हातांनी धरा."

…

मृदंगबुवा, आता वाजवू नका. जरा राहू द्या.

मंडळी, गेनूला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवू नका. गावानं एकदा ठरवलं, तेवढं पुरे! मला तुमच्याविषयी बोलायचंय. तुमच्याही गावात असेल एखादा. ज्याच्या घरचा चहा तुम्ही घेत नाही. लग्नाची पत्रिका देताना ज्याचं दार सोडून पुढच्या दारात जाता. खरं सांगा, तुम्ही त्याला करताना बघितलंय? की नुसता दांड्यावरचा हात बघितलाय?

त्याला विचारू नका. तो सांगणार नाही. उद्या सकाळी त्याच्या दारात जा आणि म्हणा, 'तहान लागलीय, पाणी दे.' तो आणायला आत वळेल, तेव्हा त्याची पाठ बघा, कुणाचं ओझं वाहतेय ती. पण लवकर जा. गेलेल्याच्या मुखात पाणी घालता येतं, मंडळी — त्याच्या हातचं पिता येत नाही!

आता जोडा हात. पण जोडण्याआधी बघून घ्या, हातात कुणाचा दोर तर नाही ना. बोला, विठ्ठल… हळू बोला.