हिरव्या टिकलीची ताटली

जमलेल्या वडीलधाऱ्यांनो, आयाबहिणींनो, आणि सांगलीहून आलेल्या शालनच्या विद्यार्थ्यांनो,

माइक दिलाय खरा माझ्या हातात. वर्गात बोलण्यात जन्म गेला माझा. पण शोकसभेत बोलायची ही पहिलीच वेळ.

मी विलास. शालनच्याच कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवतो. मूळचा साताऱ्याचा. एम.एस्सी.ला आम्ही एका वर्गात होतो आणि पुढं सांगलीत एकाच कॉलेजात चिकटलो. त्यामुळं तिला डॉक्टर शालनताई म्हणायला माझी जीभ वळत नाही. शालनच म्हणतो. राग मानू नका.

आत येताना दारात या घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "सर, आजाराचं काय बोलू नगा. घरात लग्नाच्या पोरी हायत." मी म्हणालो, बरं. शब्द दिला. तर मी आजाराचं नाव घेणार नाही. मी यीस्टबद्दल बोलणार आहे. यीस्टबद्दल बोलू नका, असं मला कुणी सांगितलेलं नाही.

यीस्ट इथं कडेगावात कुणाला नवीन आहे? कारखान्याच्या डिस्टिलरीत मळी आंबवतात ते. पावात घालतात ते. गावात चेष्टा व्हायची तिची, पोरगी दारूच्या बुरशीवर डॉक्टर झाली म्हणून. ती म्हणायची, "व्हय, पर शुद्धीत ऱ्हाऊन."

ही एका पेशीची बुरशी. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तिच्या अंगाला एक फुगवटा येतो, तो वाढतो, सुटा होतो, झाली दुसरी पेशी. पण सुटा होण्याआधी पेशी थांबते. आतला जनुकांचा धागा धड आहे का, हे बघते. तुटला असेल तर दुरुस्त होईस्तोवर पुढं जात नाही. हे थांबणं, हा शालनचा आयुष्यभराचा विषय. पेशी वाढते कशी, याचं तिला फार कौतुक नव्हतं. ती विचारायची, थांबते कशी? तिला थांब म्हणून सांगतं कोण?

सांगणारी जनुकं असतात. त्यातलं एखादं बिघडलं तर पेशी थांबत नाही. धागा तुटलेला असतो, तरी ही आपली वाटण्या करत सुटते. यीस्टची अशी पेशी बहुतेक लवकर मरते. ते बरंच म्हणायचं. माणसाची दर वेळी मरत नाही. ती वाढत राहते, आणि मग मरतं ते माणूस. त्याला एक नाव आहे. तुम्हा सगळ्यांना ते माहीत आहे. मी शब्द दिलाय, मी घेणार नाही.

शालनचं ऑपरेशन झालं, तेव्हा तिचं रक्त तपासलं. थांबवणाऱ्या एका जनुकात एके ठिकाणी बदल निघाला. घातक आहे की निरुपद्रवी, सांगता येत नाही, असं उत्तर आलं. असे बदल पुष्कळांत निघतात. दुसरं कुणी असतं तर देवाला नारळ फोडून गप्प बसलं असतं. शालनला "सांगता येत नाही" हे उत्तर कधी चाललंच नाही. मला म्हणाली, "यीस्टला इचारू या."

माणसाचं ते जनुक आणि यीस्टचं, ही एकमेकांची नातेवाईक. यीस्टमधलं काढून माणसाचं बसवलं तरी बरंचसं काम चालतं. तिनं यीस्टचे दोन वाण तयार केले, झाकणाच्या काचेच्या ताटल्यांत वाढवले. एकात माणसाचं धडधाकट जनुक. दुसऱ्यात तिच्या रिपोर्टातला बदल घातलेलं. म्हणजे एका परीनं ती स्वतःच.

आणि स्वतःच्या बाबतीत आपले डोळे आपल्याला फसवतील, ही तिला भीती. म्हणून मला म्हणाली, "ताटल्यांवर खुणा तू कर. कुठली कुणाची, मला सांगू नगंस." मी बायकोच्या टिकल्यांचं पाकीट नेलं. एका वाणाच्या ताटलीला खालून लाल टिकली, दुसऱ्याच्या ताटलीला हिरवी.

या कामाला मखमल लागते. ठोकळ्यावर मखमल ताणून बसवायची. वाढलेल्या यीस्टची ताटली तिच्यावर अलगद दाबायची, मग कोरी ताटली दाबायची. यीस्टचे ठिपके जसेच्या तसे कोऱ्या ताटलीवर उतरतात. मखमल ती स्वतः बाजारातून आणायची. दुकानदार विचारायचा, देवाच्या आसनाला का? ती म्हणायची, तसंच समजा. मग ती नवी ताटली पत्र्याच्या पेटीत जायची. पेटी कुपवाडच्या वर्कशॉपात करून घेतलेली, आत अतिनील दिवा. त्या उजेडानं धागा तुटतो. जी पेशी थांबते आणि दुरुस्ती करते, ती वाचते.

एक ताटली भरून उगवली. दुसरी कोरी राहिली. तिनं पुन्हा केलं. मी टिकल्या बदलल्या. पुन्हा एक कोरी. तिनं पुन्हा केलं.

शेवटच्या वेळी तिनं ताटली खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. म्हणाली, "हिरवीवर काय न्हाई." मग माझ्याकडं बघितलं. "हिरवी कुणाची रं?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. ती म्हणाली, "बरं." आणि ताटली टाकायच्या डब्यात ठेवली.

डॉक्टर म्हणाले, यीस्टवरून माणसाचा निकाल लावता येत नाही. बरोबर आहे. शालनही तेच म्हणाली. पण डॉक्टर आणखी एक म्हणाले. तुमच्या घरात कोण कशानं गेलं ते खरं सांगा, आणि घरातल्या चार माणसांचं रक्त द्या, मग आम्हाला काही ठरवता येईल.

मंडळी, आपली एक रीत आहे. या घराचीच कशाला, माझ्याही घराची आहे. सून आणताना आपण तिच्या माहेरची चौकशी करतो. आजी कशानं गेली, मावशीला काय झालं होतं. आपल्या घरातल्या बायका कशानं गेल्या, हे कोण विचारतं? शालनची आजी, वडिलांची आई, पोटदुखीनं गेली. आत्या काविळीनं गेली. असं गावाला माहीत आहे. मी खोटं म्हणत नाही. शालननं मला एवढंच विचारलं होतं, "दोघीबी माझ्याच वयाच्या असताना कशा गेल्या रं?"

ती इथं आली. दारात ज्यांनी माझा हात धरला, त्यांनाच भेटली. तिला सख्खे-चुलत मिळून दादा पुष्कळ आहेत, तेव्हा नाव शोधत बसू नका. ती म्हणाली, तुझं रक्त तपासून घे. ते म्हणाले, "बायकांचं दुखणं बायकांकडनं येतंय. माझ्या पोरी त्यांच्या आयवर गेल्यात. तिच्या माहेरच्या म्हाताऱ्या अजून रानात भांगलायला जात्यात." शालन म्हणाली, "दादा, अर्धं तुझं हाय."

त्यांनी तिला चहा पाजला, पिशवीभर शेंगा दिल्या आणि गाडीत बसवून दिलं. माया होती हो. मायाच होती.

पण ते बापाकडूनही येतं. आईकडून जितकं, तितकंच. बापाला काही होतही नाही कधीकधी. तो म्हातारा होईपर्यंत उसात उभा राहतो, आणि पोरीला देऊन जातो. प्रत्येक लेकराला मिळतंच असंही नाही. आणि बापाच्या रक्तात नसेल, तर पोरींना ते त्याच्याकडून येण्याचा प्रश्नच मिटला. असलं, तर निदान नजर ठेवता येते, लवकर हात घालता येतो. शालनच्या बाबतीत कुणी लवकर हात घातला नाही, कारण तिच्या आजीला पोटदुखी होती.

दवाखान्यात ती मला म्हणाली, "शोकसभंत तू बोल. माझं सगळं सांग. दुसऱ्या कुणाचं नाव घिऊ नगंस. आणि कुणाला भिववू नगंस."

शालन, शेवटचं काही मला जमत नाही. भ्यालोय तो मीच.

मी बोलतोय, तेवढ्यातही इथल्या प्रत्येकाच्या अंगात पेशी दुभंगतायत. धागे तुटतायत, सांधले जातायत. कुणाच्या अंगात ते सांधणं चुकतंय, हे चेहऱ्यावरून कळत नाही. शालनच्याही चेहऱ्यावरून कळलं नव्हतं. ऊस तोडणीला यावा तशी टवटवीत होती ती. आणि इथं पुढच्या रांगेत काही चेहरे आहेत. तेच नाक. तीच हनुवटी. मघापासून मी तिकडं बघायचं टाळतोय.

मी संध्याकाळपर्यंत गावात आहे. सांगलीला कुठं जायचं, कुणाला भेटायचं, सगळं मला ठाऊक आहे. माझ्या गाडीत जागा आहे. मी कुणाला काही विचारणार नाही.

मागं खुर्ची सरकली. कुणीतरी उठलंय. मंडळी, वळून बघू नका. माझ्याकडं बघा.

आपण सगळेच उठू या. शालनसाठी थोडा वेळ शांत उभे राहू. सगळे उभे राहिलो, की निघून जायला कोण उठलं होतं आणि तिच्यासाठी कोण, हे कुणालाच कळणार नाही. उद्या गावात कुणी त्याची चर्चा करणार नाही.

शालन, माझा नमस्कार घे.

उठा मंडळी. आणि जे आधीच दारापाशी जाऊन उभे आहेत, त्यांनी एवढं करावं. दार उघडू नये.