चार इंच वर घेतलेली जीप

—टायरला लाथ मारून काही कळत नाही अण्णा, आणि हो, तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे, ही मुळात एवढी उंच नव्हे, वर घेतलीय. चार इंच. पीण्याच्या कारखान्यांकडं सुधींद्र म्हणून आहे, पाट्यांचंच काम करतो—पाटे म्हणजे ते बघा, चाकापाशी लोखंडी पट्ट्या, एकावर एक, कमानीसारख्या—त्यात दोन-दोन जास्तीच्या घातल्या, शॉकअब्सॉर्बर लांबडे बसवले, ब्रेकच्या नळ्यासुद्धा बदलल्या, नाहीतर ताणून तुटतात. मला कसं माहीत? झालं आता माहीत! आणि अण्णा म्हटलं म्हणून हसू नका, तुम्ही पुण्याकडचे दिसताय; आमचे मराठी लोक इथं बंगळुरात साडेतीनशे वर्षं, आमच्यात रिक्षावाला अण्णा, डॉक्टर अण्णा, सगळे अण्णाच. बसा पायरीवर. कॉफी घ्या. स्वल्प गोड झालीय, आज माझं लक्ष थाऱ्यावर नाही.

जाहिरात ना, ती मीच दिली. ह्यांनी नाही—ह्यांना माहीतच नाही. आमचे हे, व्यंकोजीराव, तेहतीस वर्षं कारखान्यात गेले, एक दिवस उशीर नाही. पावसाळ्यात दोन छत्र्या नेणारा माणूस, एक हरवली तर दुसरी असावी म्हणून! तो रिटायर होतो काय, आणि मिलिटरीच्या लिलावातून ही अडुसष्ट सालची जीप आणतो काय. वर चार इंच उचलून घेतो! कशाला, तर म्हणे खडकावर पोट घासतं. म्हटलं, मल्लेश्वरमात कुठला आलाय खडक? तर हसले नुसते. सुधींद्रकडून आणली त्या दिवशी गल्लीतनं तीनदा फिरवली हो, लग्नातल्या नवरदेवासारखे ताठ बसून.

आणि मी? मला चढता येईना. नऊवारी नाही, साधी साडी, तरी येईना. स्टूल लागायचं. चामराजपेटला नणंदेकडे बारसं होतं, सोयराबाईंकडे—तिथं स्टूल नव्हतं. मी उतरायला गेले, पदर अडकला जीपच्या आकड्यात, आणि मी लाडवांच्या डब्यासकट दारात आडवी. सगळी हसली. हसू देत. पण पहिले कोण हसले? हे! मी घरी आले आणि पोस्टकार्डावर जाहिरात लिहून टाकली पेटीत. दोन रविवार पेपर बघितला, आली नाही. म्हटलं गहाळ झालं कार्ड, सुटले. आणि आज दीड महिन्यानं छापतात, आणि सकाळी सकाळी तुम्ही दारात!

—सुटले का म्हणता? अहो, मधल्या काळात काय झालं ते कुठं सांगितलं मी. सर्जापूर रोडला आमची जागा आहे, निलगिरीच्या झाडांपलीकडं, अजून रस्तासुद्धा नाही, लाल चिखल नुसता. तिथं गेलो दोघं, मी तोंड फुगवून. पोचलो, तर हे ऐटीत उडी मारून उतरले—आणि बसले खालीच. मी हसले. खोटं कशाला बोलू, पोट धरून हसले, बारशाची भरपाई करून घेतली. मग चेहरा बघितला त्यांचा. घोट्याचं हाड मोडलं होतं हो. आसपास चिटपाखरू नाही. दोन म्हशी होत्या.

मग कोण चालवणार? मी! जन्मात सायकल चालवली नव्हती. ह्यांना डाव्या बाजूनं कसंबसं वर ढकललं, स्वतः चढले, साडी पार गुडघ्यावर खोचून, आणि बिनस्टुलाची चढले बघा! हे कण्हत कण्हत सांगताहेत—क्लच दाब, आता सोड, सावकाश, अगं सावकाश!—आणि ही उडाली बेडकासारखी. चारदा बंद पडली. पाचव्यांदा चालली. वाटेत ओढा, पाणी नव्हतं फार पण चिखल हा एवढा, कडेला एक पांढरी मोटार रुतलेली, सूटबूटवाला मालक बोनेटवर बसलेला. मी म्हटलं, थांबू? हे म्हणाले, थांबलीस तर रुतशील, दाब! दाबलं मी. अण्णा, काय सांगू, ही अशी वर झाली, अशी खाली, डोलली, आणि पलीकडं! पोटाला चिखल लागला नाही! मी ओरडत होते, किंचाळत होते, त्या सूटवाल्याला हातसुद्धा केला. चोपन्न वर्षांची बाई. आणि हे मोडक्या पायानं म्हणतात, "अनू, झकास!" अनुसूया म्हणायचे नाहीत की काही नाही, तीस वर्षं नुसतं "अगं ए"—आणि त्या ओढ्यात अनू.

तेव्हापासून मीच चालवते. लायसन्स काढलं, शिकाऊ. दवाखाना, बाजार, सगळीकडं मी, आणि हे डावीकडं, पाय लांब करून. वळणावर जरा झुकते ही, उंच आहे ना, सावकाश घ्यावं लागतं—घेते मी.

—आज कुठं गेलेत? प्लास्टर काढायला. रिक्षानं, भाच्याबरोबर. मी म्हटलं पाठ धरलीय. काही धरलेली नाही. पण मी नेलं असतं तर पाय मोकळा झाल्याबरोबर तिथूनच हे स्टिअरिंगवर बसले असते, आणि मी परत डावीकडं, पर्स मांडीवर घेऊन… काल देवापुढं बसले होते, आणि मनात आलं, अजून एक पंधरा दिवस नको निघायला प्लास्टर. नवऱ्याचा पाय, अण्णा! काय बाई आहे मी. आणि हे कुणाला सांगतेय, तुम्हाला, नाव तरी विचारलं का मी तुमचं.

नाही, किती देता ते सांगू नका. विकायची नाही. पेपरवाल्यांना कळवते. कॉफी संपवा—

आली रिक्षा. अय्यो, आली. उठा, उठा. कोण म्हणून सांगू तुम्हाला? गॅसचे? पत्ता चुकलेले?… नको. बसा तसेच.

अहो, सावकाश उतरा! काठी टेका. हे? हे जीप विकत घ्यायला आलेत. होय. जाहिरात मी दिली होती, बारशाच्या दिवशी, रागानं. सांगते सगळं. पाठ? पाठ ठीक आहे माझी. तेही सांगते. आधी गाडीत बसा—तिकडून नाही. तिकडं मी बसणार. डावीकडून चढा, मी हात देते… हसताय काय? चढा म्हणते ना!

सरी, बरंय अण्णा, तुम्ही या आता. जाताना गेट तेवढं लावून—नाही, राहू दे उघडं. आम्हाला बाहेर पडायचंय.