छत्तीस किलोमीटर, तेही जोडीनं

…नाही, मी काय म्हणतो, माणसानं पळावं, जरूर पळावं, मागे कुत्रं लागलं असेल, समोरून बस सुटत असेल तर पळावंच, पण शनिवारी सकाळी पाच किलोमीटर, त्याच संध्याकाळी दहा, आणि रविवारी सकाळी, सज्जन माणसं अंथरुणात कूस बदलत असतात तेव्हा, एकवीस? आणि हे पळायला सांगताय कुणाला, तर मला? तुम्हाला सांगतो, मी घड्याळं दुरुस्त करतो. तीस वर्षं तेच स्टूल, डोळ्याला भिंग, हातात चिमटा. माझा धंदा बसून करायचा आहे हो!

पळते ती आमची बायको. आमच्या खालच्या मजल्यावर शाळेत खेळ शिकवणाऱ्या बाई राहतात, त्यांनी हिला नादाला लावलं. दोन वर्षं दोघी पहाटे उठून पळतात. पळोत बापड्या! माझं काही म्हणणं होतं का? पण यंदा त्या शर्यतवाल्यांनी 'जोडी' नावाचा एक प्रकार काढला. म्हणजे काय, तर तिन्ही शर्यतींत दोघांनी शेवटची रेघ एकत्र ओलांडायची. एक गळाला की दुसराही बाद! या दोघींनी नाव घातलं, आणि दोन महिने आधी बाईंचा घोटा मुरगळला. ही संध्याकाळी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "अहो, बाईंना डॉक्टरांनी तीन महिने पळू नका म्हणून सांगितलंय."

मी म्हटलं, "अरेरे."

"आता माझ्याबरोबर कोण पळणार?"

मी पुन्हा म्हटलं, "अरेरे." तर ही माझ्याकडे बघतच राहिली… आणि तुम्हाला सांगतो, दुसऱ्या दिवशी पहाटे मी नव्याकोऱ्या बुटांत रस्त्यावर होतो!

दोन महिने तालीम. दुकानात खुर्चीवर पाय वर करून बसलो की गिऱ्हाईक विचारायचं, "काय, बरं नाही का?" आणि जिन्यात त्या बाई भेटायच्या, लंगडत. मला बघितलं की "आई गं!" करायच्या. कधी उजवा पाय धरायच्या, कधी डावा. मला वाटलं, दुखणं सरकत असेल! तुम्हाला सांगतो, चाकाचा केसाएवढा दात तुटलेला असला तरी मला दिसतो, आणि माणसाचा पाय बदललेला दिसला नाही!

असो. शनिवार उजाडला. पाच किलोमीटर. शिटी वाजली, लोक सुटले, मीही सुटलो, आणि दुसऱ्याच किलोमीटरला एक बाई बाळाची गाडी ढकलत माझ्या पुढे गेली. बरं, बाळ गाढ झोपलेलं! त्याची झोप मोडू नये इतक्या आरामात ती चाललेली, आणि इकडे माझा भाता असा, खर्र… खर्र…! ही आपली शेजारून, "अहो, खांदे सैल सोडा." अगं, सगळाच सैल सुटलोय, खांद्यांचं काय घेऊन बसलीस! पण संपली एकदाची. घरी आलो, तीन जिने कसे चढलो ते माझं मला माहीत, आणि फरशीवर जो आडवा झालो तो संध्याकाळी चार वाजता हिनं बूट समोर आणून ठेवले तेव्हाच उठलो. दोन्ही गुडघ्यांनी माझ्याशी बोलणं टाकलेलं. माझा धंदा बसून करायचा आहे हो!

संध्याकाळची दहाची शर्यत मात्र… आता खरं सांगू का? बरी वाटली. रस्ता पाण्याच्या कडेनं, ऊन उतरलेलं, आणि ही पळता पळता बोलायला लागली. मला उत्तर देता येत नव्हतं, श्वासच नव्हता, त्यामुळे नुसतं ऐकत होतो. ही रुग्णालयात कागदपत्रांच्या विभागात आहे. म्हणाली, "हाताखालच्या चौघींना मी आता सारखं ओरडत नाही."

मी म्हटलं, "हाताखालच्या? तुझ्या?… कधीपासून?"

"चार महिने झाले. मला विभागप्रमुख केलंय."

मी थांबलोच हो रस्त्यात! "अगं, मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं. तुमच्या डोळ्याला भिंग होतं. तुम्ही 'हं' म्हणालात."

पुन्हा पळायला लागलो. राहिलेले चार किलोमीटर त्या चौघींची नावं, कोण कामचुकार, कोण गुणाची, धापा टाकत सगळं विचारून घेतलं.

आणि मग रविवार! एकवीस! साडेतीन तासांत संपवायचं, आणि सगळ्यांच्या मागून एक गाडी येते, रेंगाळणाऱ्यांना उचलायला. गाडीत बसलात की बाद. ती गाडी सहाव्या किलोमीटरपासून आमच्या मागे, इंचभर पुढे नाही, इंचभर मागे नाही. ड्रायव्हरच्या हातात भोंगा. "काका, सीटा रिकाम्या आहेत… गार हवा आहे… काका, गाणी लावू का?" अहो, माणसाची परीक्षा किती बघायची! माझा धंदा बसून करायचा आहे हो, आणि सीट माझ्या मागे दहा हातांवर!

तर चौदाव्या किलोमीटरला पाणी देणाऱ्यांचं टेबल. तिथे कोण? खेळाच्या बाई! आम्हाला बघून आनंदानं उड्या मारतायत. दोन्ही पायांवर! चांगल्या हातभर उंच! माझ्याकडे लक्ष गेलं आणि उडी हवेतच आखडली, खाली येता येता म्हणाल्या, "आई गं!"

मी हिच्याकडे वळलो. "घोटा?"

"पळा पुढे."

"अगं, घोटा मुरगळलाच नव्हता?"

"नव्हता," ही म्हणाली. "सरळ विचारलं असतं तर आला असता का?" आणि मग रस्त्याकडे बघत, "चोवीस वर्षं तुमची दिव्याखाली वाकलेली पाठ बघतेय. म्हटलं, दोन दिवस तोंड बघावं."

तुम्हाला सांगतो, मला राग यायला हवा होता. दोन महिने फसवलं हो मला, दोघींनी मिळून! पण राग यायला अंगात जोर लागतो, आणि शिवाय… शिवाय आत कुठेतरी फार बरं वाटत होतं. आता हे काय बोलून दाखवायचं?

अठराव्या किलोमीटरला हिच्या पोटरीत गोळा आला. मटकन रस्त्यावर बसली, डोळ्यांत पाणी. "तुम्ही जा पुढे."

म्हटलं, "पुढे जाऊन काय करू? एकटा गेलो तरी बादच की!"

भोंगा लगेच, "काकू, दार उघडू का?" मी म्हटलं, "खबरदार उघडलंस तर!" माझा हा आवाज मीही पहिल्यांदाच ऐकला. खाली बसलो, पोटरी हातात घेतली. अडकलेलं चाक शोधायची सवय या बोटांना, गाठ कुठे आहे ते बरोबर सापडलं. दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. ही ओरडली, मग हसली, मग उठली. पुढचे तीन किलोमीटर ती माझ्या खांद्यावर आणि मी देवाच्या भरवशावर. मागून ड्रायव्हर भोंग्यातून, "चला काका! चला काकू! अजून सहा मिनिटं!" तोही फितूर झाला शेवटी!

साडेतीन तासांना एक मिनिट कमी असताना रेघ ओलांडली. सगळ्यांत शेवटी. पण एकत्र!

त्या क्षणाचा फोटो काढला शर्यतवाल्यांनी. ही झकास हसतेय, माझ्याकडे बघत, आणि मी डोळे मिटलेले, तोंड उघडं, मान एका बाजूला कललेली. हिला तो फोटो इतका आवडला, इतका आवडला, की त्यातला माझा तेवढा चेहरा मोठा करून, चौकट करून, बैठकीच्या खोलीत लावलाय! काल नळ दुरुस्त करायला प्लंबर आला, फोटोसमोर थबकला, हळूच टोपी काढली. म्हणाला, "वडील का तुमचे?"

आता कुठे सगळं सांगत बसणार? म्हटलं, "हो."

"कधी गेले?"

म्हटलं, "रविवारी."