मामींचं वाडगं

तमिळमधला पहिला शब्द मी शिरा करून शिकले, खोटं नाही सांगत! वेलचेरीत नवीनच राहायला गेले होते. खाली राहणाऱ्या घरमालकीण मामींनी वाडगंभर रसम दिलं होतं. एक तारखेला त्या दारात हजर.

"वाडगै?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांचं वाडगं अजून माझ्याकडेच! पण रिकामं कसं द्यायचं? "टेन मिनिट्स, मामी," म्हणत शिरा केला, वाडगं भरून दिलं.

मामींनी तिथंच चाखला. "सूपर! बट वाडगै? रेंट, मा, रेंट!"

मी कपाळावर हात मारून त्यांना आमचं वाडगं समजावलं.

पुढच्या एक तारखेला मी आपणहून भाडं नेऊन दिलं. मामींनी पाकीट घेतलं आणि रिकामं वाडगं पुढे केलं.

"धिस वाडगै?"